जात्यावरची रोजनिशी

अलिबागनजीकच्या अक्षी गावात एक शिलालेख आहे. त्यावरील कालनिर्देश शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला जातो आणि मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. शिलाहार राजाच्या प्रधानाने देवीसाठी धान्याचे दान दिले, ही त्यातील मुख्य नोंद होय. दाता कोण आणि दान कशाचे, हे त्या दगडाने हजार वर्षे सांभाळले. ते धान्य ज्या स्त्रियांनी कांडले व दळले, त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते, याची नोंद ठेवण्याचे कारण मात्र राजाला, प्रधानाला किंवा पाथरवटाला पडले नव्हते.

इतिहासाची साधने बहुतांशी अशीच असतात. दानपत्रे, सनदा, सारावसुलीची दप्तरे, कज्जांचे निवाडे यांतून जमिनीचा, धान्याचा आणि पैशाचा हिशेब सापडतो. याच अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या संपाची हकीकत महाराष्ट्राच्या शेतकरी चळवळीच्या इतिहासात मानाने सांगितली जाते. खंडाचा दर, खोतांचे हक्क, सरकारची भूमिका यांची चर्चा होते आणि ती व्हावयासही हवी. परंतु सहा वर्षे शेत पडीक ठेवणाऱ्या घरात नवरा-बायकोने एकमेकांना कसे सावरले, उपाशी मुलाची समजूत आईने कशी घातली, हे खंडाच्या कागदांत शोधून मिळावयाचे नाही. माणसे कशासाठी राबतात आणि कोणाच्या ओढीने तग धरतात, या प्रश्नाचे उत्तर वगळून लिहिलेला आर्थिक इतिहास हा अर्धाच इतिहास होय.

युरोपात ही उणीव काही प्रमाणात सामान्य माणसांच्या रोजनिशांनी भरून काढली. रोजनिशी लिहावयास तीन गोष्टी लागतात : अक्षरओळख, फुरसत आणि एकान्त. रायगडच्या किनाऱ्यावरील आगरी, कोळी, कुणबी स्त्रीला यांपैकी एकही सहजासहजी उपलब्ध नव्हती. १९५१ च्या जनगणनेनुसार साऱ्या देशात दर शंभर स्त्रियांमागे नऊही साक्षर नव्हत्या. फुरसतीचा प्रश्नच नव्हता. पहाटे दळण, मग पाणी, मग भातशेत, मिठागर किंवा मासळीची पाटी, असा तिचा दिवस ठरलेला. एकान्त म्हणावा तर एका खोलीत तीन पिढ्या नांदत. तरीही या स्त्रीने आपल्या मनाची नोंद ठेवली. तिने ती कागदावर ठेवली नाही, जात्यावर ठेवली.

दळणाबरोबर मन

जात्यावरची ओवी म्हणजे निरक्षर स्त्रीची रोजनिशी, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पहाटेच्या अंधारात घरातील पुरुष निजलेले असत. जात्याच्या घरघरीत शब्द मिसळून जात. समोर बसलेली जाऊ, नणंद किंवा शेजारीण खुंट्याला हात लावून दळणाचा आणि मनाचा भार वाटून घेई. सासूचा जाच, माहेराची ओढ, मेलेल्या मुलाची आठवण, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट, हे दिवसा उजेडी ज्याचा उच्चार करावयाचा नाही, ते या वेळी गाण्यातून बोलता येई. गाण्याला जाब विचारण्याची रीत नव्हती.

या ओव्यांतील प्रेमाचे स्वरूपही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यात भावावरच्या मायेला मोठे स्थान आहे. संकटात माहेरचे दार उघडे राहणे भावाच्या मर्जीवर अवलंबून होते आणि वडिलोपार्जित जमिनीत बहिणीला वाटा नव्हता, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे भावासाठी गायिलेल्या ओवीमागील आर्तता अधिक समजते. आई आणि लेक यांचे नाते तितक्याच विस्ताराने येते. नवऱ्याविषयीचे प्रेम बहुधा आडून येते; त्याच्या चालण्याचे, त्याच्या बैलजोडीचे किंवा त्याच्या घरी परतण्याच्या वेळेचे वर्णन करून स्त्री थांबते. प्रेम हा शब्द न उच्चारता प्रेमाविषयी इतका विचार करणारे साहित्य विरळाच.

तथापि रोजनिशी आणि ओवी यांत एक मूलभूत भेद आहे. रोजनिशी एकाची असते आणि कुलुपात राहते. ओवी एकीच्या मनात उपजते, पण दुसरीने ती उचलली तरच जगते. लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर ती गाव बदलते, तेथे तिच्यात एखादा शब्द पालटतो, नाव बदलते आणि ती तिसऱ्या घरची होते. असंख्य स्त्रियांनी आपल्या अनुभवाशी ताडून पाहिल्यावर जे टिकले, ते पुढे गेले. एका अर्थाने खासगी भावनेचे सामाजिक कलेत रूपांतर करणारी ही व्यवस्थाच होती आणि ती कोणत्याही आश्रयदात्यावाचून शतकानुशतके चालली.

धवलारिणीची विद्या

रायगडच्या किनारपट्टीवर या व्यवस्थेचे दुसरे रूप लग्नाच्या मांडवात दिसते. आगरी-कोळी समाजांत लग्नविधीच्या वेळी धवले गाण्याची प्रथा आहे आणि ते गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. मांडव, हळद, प्रत्यक्ष लग्न, पाठवणी अशा प्रत्येक टप्प्याचे धवले निराळे. कित्येक घरांत तिचा मान पुरोहिताच्या तोडीचा असे. धवळ्यांची ही परंपरा किती जुनी आहे, याची साक्ष मराठी वाङ्मयाचा इतिहास देतो. तेराव्या शतकातील महानुभाव पंथीय महदंबेचे धवळे रुक्मिणीस्वयंवरावर आहेत आणि महदंबेला मराठीतील आद्य कवयित्री मानले जाते. महदंबेचे शब्द राहिले, कारण तिच्या पंथाने ते पोथीत लिहून जपले. किनाऱ्यावरील धवलारिणीमागे असा पंथ नव्हता. तिची पोथी तिच्या स्मरणात होती.

ही विद्या मिळविण्यास वर्षे लागत. मुलगी आईच्या किंवा आत्याच्या मागे बसून साथ देता देता शिके. मोबदला म्हणून साडी-चोळी, नारळ, तांदूळ आणि यजमानाच्या ऐपतीप्रमाणे दक्षिणा मिळे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर गाणे ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने ऐकल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही आणि मांडवाबाहेर उभे राहून ऐकणाऱ्याकडून मोल वसूल करता येत नाही. अशा वस्तूला बाजार योग्य किंमत देत नाही. ती टिकावयाची तर समाजाने जाणूनबुजून खर्च करावा लागतो. पूर्वी हा खर्च रूढीने होत असे. धवलारिणीवाचून लग्न पुरे होत नाही ही समजूत हीच तिच्या उपजीविकेची हमी होती. रूढी सैल झाली तेव्हा हमीही गेली. आज हळदीच्या रात्री ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांचे भाडे हजारोंनी मोजले जाते. त्याच मांडवात म्हाताऱ्या धवलारिणीला चार ओळी म्हणावयास सांगून मानाचा नारळ दिला की परंपरा पाळल्याचे समाधान मिळते. अशा व्यवसायात तिची नात येणार नाही, हे सांगावयास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

याला केवळ लोकांची बदललेली अभिरुची कारण आहे असे नव्हे. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी उरण-पनवेल पट्ट्यातील भातशेती आणि मिठागरे संपादन झाली. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. जमीन गेली, पैसा आला, शेजार विखुरला. एकत्र लावणी करणाऱ्या, एकत्र मासळी वाळविणाऱ्या बायकांचा गट मोडला की त्या गटाचे गाणेही मोडते. विस्थापितांची यादी करताना घरे आणि गुंठे मोजले जातात; शेजार मोजण्याचा रकाना त्या कागदात नसतो.

गिरणी आली ते बरे झाले

येथे एक आक्षेप उभा राहील आणि तो रास्त आहे. जाते म्हणजे कष्ट. पिठाची गिरणी आली आणि स्त्रीचे पहाटेचे तास वाचले, तिचे खांदे आणि कंबर वाचली. जाते गेल्याबद्दल हळहळणारे बहुधा ते असतात, ज्यांना ते कधी ओढावे लागले नाही. म्हणून जात्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु गिरणीने दळण हलके केले म्हणजे दळताना बोलावयाचे जे होते तेही संपले, असे होत नाही. ती जागा गेली, गरज राहिली. शिकलेल्या नातीजवळ अक्षर आहे, वही आहे, हातात भ्रमणध्वनी आहे. ती आपले मन मांडते, पण आजीने याच दुःखाला आणि याच प्रेमाला कोणते शब्द दिले होते, हे तिला ठाऊक नसते. प्रत्येक पिढीने नव्याने सुरुवात करावयाची, हा भावनेच्या क्षेत्रातील मोठाच अपव्यय होय.

स्थलांतर झाले की हे मोल माणसांना अधिक जाणवते. कुलाब्याच्या किनाऱ्यावर, अलिबाग, नवगाव, रेवदंडा परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला बेने इस्रायली समाज तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे आणि शनिवारच्या सुट्टीमुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे या समाजातील स्त्रियांनी मराठी गीते हस्तलिखित वह्यांतून उतरवून जपली. गावात राहणाऱ्यांना जे लिहून ठेवण्याची निकड भासली नाही, ते गाव सोडलेल्यांनी लिहिले.

चादरीवरची कहाणी

लिहून ठेवल्याने काय साधते, याचे एक उदाहरण इटलीत आहे. पिएवे सान्तो स्तेफानो हे डोंगरातील लहानसे गाव. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते सुरुंगांनी उद्ध्वस्त केले. ज्या गावाची जुनी घरे उरली नाहीत, त्या गावात सावेरिओ तुतिनो या पत्रकाराने १९८४ मध्ये सामान्य माणसांच्या रोजनिशा, पत्रे आणि आठवणी यांचा संग्रह सुरू केला. शेतकरी, सैनिक, मजूर, गृहिणी यांची हजारो हस्तलिखिते आज तेथे आहेत आणि गावाची ओळखच रोजनिशीचे गाव अशी झाली आहे.

त्या संग्रहात क्लेलिया मार्की या शेतकरी स्त्रीने १९८६ मध्ये एक चादर आणून दिली. तिचा नवरा १९७२ मध्ये अपघातात वारला. रात्री झोप येत नसे म्हणून ती लिहू लागली आणि लग्नात आणलेली जी चादर आता दोघांना मिळून वापरावयाची नव्हती, तिच्यावरच तिने दोघांच्या संसाराची, कष्टांची आणि प्रेमाची हकीकत ओळीमागून ओळ लिहून काढली. तिचे शिक्षण बेताचेच होते. पुढे, १९९२ मध्ये, तो मजकूर पुस्तकरूपाने निघाला आणि ती चादर गावाच्या संग्रहालयाचे भूषण ठरली. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून तिच्यात आयुष्य साठविणाऱ्या कोकणातील बाईला ही चादर परकी वाटणार नाही. भेद इतकाच, की त्या चादरीवर लिहिणारीचे नाव राहिले आणि ती कोणाच्या तरी स्वाधीन करण्यासाठी गावात एक दार उघडे होते.

महाराष्ट्रातही अशी दारे काही जणांनी उघडली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारा गावोगावचे धन ग्रंथबद्ध केले. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये निवर्तल्या. त्यांची गाणी मुलाने आणि एका नातलगाने टिपून ठेवली होती म्हणून १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती महाराष्ट्रासमोर आली. टिपणारे कोणी नसते तर मराठीला बहिणाबाई कळल्याच नसत्या. त्यानंतरचा सर्वांत मोठा उद्योग हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचा. ऐंशीच्या दशकापासून त्यांनी सहकाऱ्यांसह एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्याची सुरुवातीची भूमी मुळशीचा डोंगराळ भाग, म्हणजे रायगड जिल्ह्याला घाटमाथ्यावरून लागून असलेला मुलूख. मराठवाड्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्याही या संग्रहात आहेत. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्या रायगड जिल्ह्यात झाला, तेथील वाचकाला या मायेचा अर्थ समजावून सांगावयास नको. २०१७ पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावरून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदविणे, ही या कार्याची मोठी शिकवण होय.

नावाचा प्रश्न

नाव ही किरकोळ बाब वाटेल. पण खरा प्रश्न तोच आहे. ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या, वारली समाजात लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. सत्तरीच्या दशकात ही चित्रे कागदावर येऊन शहरांत पोहोचली. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या समर्थ कलावंताची कीर्ती देशोदेशी झाली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ते यथायोग्यच झाले. परंतु कला भिंतीवरून बाजारात येताना तिच्या मूळच्या करवित्या स्त्रिया बव्हंशी मागे राहिल्या, हे नाकारता येणार नाही. कोळीगीतांचेही तसेच. शांता शेळके यांनी लिहिलेली कोळीगीते ध्वनिमुद्रिकांवरून घरोघरी पोहोचली; कवयित्री, संगीतकार आणि गायक यांची नावे सर्वांस ठाऊक झाली. ज्या लोकगीतांच्या वळणावर अशी गीते घडतात, ती पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या बायका मात्र ‘पारंपरिक’ या एका शब्दात विलीन होतात.

कायद्याने या बाबतीत थोडी वाट करून दिली आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. पुढे त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून आपले नाव जाहीर केले जावे, अशी मागणी करण्याचा अधिकारही दिला. गीत कोणाचे हे सांगता न आले तरी गाणारी कोण हे सांगता येते आणि तिच्या संमतीवाचून तिचा आवाज विकता येत नाही. परंतु हळदीच्या रात्री कोणीही भ्रमणध्वनी पुढे धरतो, दुसऱ्या दिवशी त्या आवाजाखाली ताल भरून गाणे सर्वत्र फिरू लागते आणि जिचा आवाज आहे तिला त्याचा पत्ताही नसतो. कायदा पुस्तकात आहे. धवलारिणीच्या अंगणात तो अद्याप पोहोचलेला नाही.

संमतीचा मुद्दा दुसऱ्याही कारणाने नाजूक आहे. ओवीतील तक्रार ज्या सासूविषयी असते तिची नातवंडे त्याच आळीत राहतात. पहाटेच्या अंधारात सांगितलेले सारेच व्यासपीठावर आणावयाचे नसते. काय सांगावे, काय झाकावे, हे ठरविण्याचा अधिकार गाणारीचा आहे, संग्राहकाचा नव्हे.

वहीचे काम

हे काम करावयास सरकारी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. अलिबाग, उरण, मुरूड, श्रीवर्धन, महाड येथे महाविद्यालये आहेत आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी गावांत भरतात. विद्यार्थ्यांनी एखाद्या वर्षी श्रमदानाच्या जोडीला आपल्याच आजीसमोर, आत्यासमोर वही घेऊन बसावे. गाणारीचे नाव, गाव, वय, गाणे कोणाकडून शिकली, कोणत्या प्रसंगी गाते आणि ते प्रसिद्ध करण्यास तिची अनुमती आहे की नाही, इतकी माहिती प्रत्येक गीतासोबत असावी. शब्द तिच्या बोलीतच उतरवावेत. शुद्धलेखनाची तांबडी शाई येथे चालवू नये. वहीची एक प्रत तिच्या घरी, एक शाळेत आणि एक तालुक्याच्या ग्रंथालयात राहावी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि कोळीवाड्यात माणसे घरी सापडतात. या कामाला त्याहून सोयीचा मोसम कोणता?

या वह्यांतूनच पुढे खरी सामाजिक कला निपजेल. शाळेच्या भिंतीवर चित्र काढावयाचे तर गावातीलच स्त्रीच्या ओवीवरून काढता येईल. स्नेहसंमेलनात नाट्यप्रवेश बसवावयाचा तर चरीच्या संपकाळातील एखाद्या घराची आठवण कामी येईल. त्या भिंतीवर आणि त्या कार्यक्रमपत्रिकेवर मूळ सांगणारीचे नाव मात्र ठळक असावे. आणि ज्यांच्या घरी लग्नकार्य आहे त्यांनी ध्वनिवर्धकाच्या भाड्याचा एक दशांश भाग जरी धवलारिणीच्या हाती सन्मानपूर्वक ठेवला आणि तिच्या शेजारी शिकणाऱ्या मुलीला बसविले, तरी पुष्कळ साधेल.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संघटनेने २००३ मध्ये अमूर्त वारशाच्या रक्षणाचा करार केला आणि भारताने तो २००५ मध्ये मान्य केला. त्या कराराची अंमलबजावणी दिल्लीत होईल तेव्हा होवो. किनाऱ्यावरील गावांत मात्र धवले मुखोद्गत असलेल्या स्त्रिया आता उतारवयात आहेत. अक्षीच्या दगडाला हजार वर्षांचा अवकाश मिळाला. यांच्या स्मरणाला तो मिळणार नाही. शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी येत्या पावसाळ्यातच वही उघडली पाहिजे.